पिशवी लागल्यानंतर

जालन्याच्या मस्तगड भागात कुणाच्या पोटाचे तातडीचे ऑपरेशन झाले की शेजारीपाजारी दबक्या आवाजात एकच गोष्ट विचारतात, ‘पिशवी लावली का?’ इलिओस्टोमी, कोलोस्टोमी हे शब्द डिस्चार्ज कार्डावर राहतात. बोलण्यात येते ती पिशवी. हा प्रश्न विचारताना आवाज का दबतो, याचे कारण सगळ्यांना ठाऊक असते. पिशवी म्हणजे वास, पिशवी म्हणजे परस्वाधीनपणा आणि पिशवी म्हणजे आता काही खरे नाही, अशी समजूत घट्ट बसलेली असते.

ही समजूत चुकीची आहे, पण निराधार नाही. आतड्याचे तोंड पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून शिवणे म्हणजे स्टोमा; लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी, मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी. या छोट्या कृतीने असंख्य लोकांचे प्राण वाचवले आहेत. मात्र रात्री-अपरात्री, घाईत केलेला स्टोमा नंतर त्रास देतो आणि ठरवून, तयारीनिशी केलेल्या स्टोमापेक्षा जास्त देतो, हे जगभरच्या शल्यचिकित्सकांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे. तो त्रास कोणता, तो का होतो आणि त्यातला किती टाळता येतो, हा या लेखाचा विषय.

मस्तगड ही जालन्याची जुनी गढी. काबिल खानाने ती १७२५ साली बांधली. गढीला महादरवाजा असतो, तसा वेढा पडल्यावर उपयोगी पडणारा चोरदरवाजाही असतो. तातडीच्या शस्त्रक्रियेतला स्टोमा हा असाच चोरदरवाजा आहे. नेहमीची वाट धोक्याची झाली म्हणून तो उघडतात. वेढा उठल्यावर तो पुन्हा बंद करायचा असतो, आणि उघडा असेल तोवर त्यावर राखण ठेवावी लागते. आपल्याकडे बहुतेक वेळा चुकते ते या राखणीत.

चोरदरवाजा का उघडावा लागतो

पाश्चात्त्य देशांत तातडीच्या स्टोमामागे बहुधा मोठ्या आतड्याचा कर्करोग असतो किंवा उतारवयात आतड्याला आलेल्या फुग्यांचा दाह असतो. भारतातली यादी वेगळी आहे. इथे विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने, लहान आतड्याला पडलेले छिद्र आणि आतड्याचा क्षयरोग ही कारणे वरच्या क्रमांकावर येतात. त्यांच्या जोडीला आतड्याला बसलेला पीळ, अडकून काळा पडलेला हर्निया, रक्तपुरवठा तुटून मेलेले आतडे, कर्करोगाने झालेला अडथळा आणि अपघात असतात. मराठवाड्यात अपघात म्हटले की दुचाकी आणि ट्रॅक्टर आठवतात, पण बैलाचे शिंग पोटात घुसलेला शेतकरीही सर्जनना नवा नसतो. म्हणून आपल्याकडचा पिशवीचा रुग्ण अनेकदा तरुण, कमावता पुरुष असतो आणि त्याचा स्टोमा लहान आतड्याचा असतो. ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. पुढच्या बऱ्याच गुंतागुंतींचे मूळ तिच्यात आहे.

विषमज्वराचे उदाहरण घेऊ. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील लसिकाग्रंथींवर व्रण पडतात. एखादा व्रण आरपार जातो आणि आतड्यातला मळ पोटभर पसरतो. पोट लाकडासारखे कडक होते, नाडी धावते, लघवी कमी होते. घरात मात्र तोवर ‘गॅस झालाय’, ‘वायगोळा उठलाय’ म्हणत ओवा चघळून होतो, औषधाच्या दुकानातली गोळी होते, गल्लीतल्या दवाखान्यातली सलाइनही होते. मग कुणीतरी १०८ ला फोन लावतो. जिल्हा रुग्णालयात झेपले तर ठीक, नाहीतर गाडी साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटीकडे निघते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय आजूबाजूच्या अनेक जिल्ह्यांचा शेवटचा आधार आहे. छिद्र पडल्यापासून चाकू लागेपर्यंत एक-दोन दिवस उलटून गेलेले असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

अशा पोटात हात घातल्यावर सर्जनला पू दिसतो, सुजून बोटाएवढी जाड झालेली आतड्याची भिंत दिसते, खाली आलेला रक्तदाब दिसतो. छिद्र शिवले किंवा खराब तुकडा काढून दोन टोके जोडली, तर त्या जोडाला धरण्यासाठी निरोगी ऊती लागते, आणि इथे तीच नसते. जोड सुटला तर दुसऱ्या ऑपरेशनला रुग्ण तोंड देऊ शकेल की नाही, हे सांगता येत नाही. तेव्हा आतड्याचे तोंड बाहेर काढणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. ताजे छिद्र, एकच छिद्र, बरी प्रकृती असेल तर थेट शिवणे योग्य. उशीर, अनेक छिद्रे, पोटभर घाण आणि ढासळलेला रक्तदाब असेल तर स्टोमा. यात डॉक्टरांचा पराभव नाही. पिशवी लागली म्हणजे ऑपरेशन बिघडले, ही समजूत पहिल्यांदा मनातून काढली पाहिजे.

दोनशे वर्षांची शिकवणी

सुश्रुतसंहितेत आतडे अडल्यावर बेंबीखाली, मधल्या रेषेपासून चार अंगुळे डावीकडे पोट उघडावे, अडथळा काढावा, मध-तूप लावून आतडी आत ठेवावीत, असे सांगितले आहे. फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या चाव्याने जुळवण्याची कृतीही तिथेच आहे. आतड्याचे तोंड पोटावर काढून ठेवण्याची कल्पना मात्र बरीच पुढची. फ्रान्समध्ये अलेक्सिस लित्र याने १७१० मध्ये ती मांडली. १७७६ मध्ये पियोर या सर्जनने एका अडलेल्या रुग्णावर ती अमलात आणली. अडथळा सुटावा म्हणून त्या रुग्णाला आधी भरपूर पारा पाजलेला होता. स्टोमा चालला, पण रुग्ण महिन्याभरात गेला. १७९३ मध्ये ब्रेस्ट या बंदराच्या गावी द्युरे याने गुदद्वार नसलेल्या तीन दिवसांच्या बाळाला कोलोस्टोमी केली. ते बाळ पंचेचाळीस वर्षे जगले. तातडीच्या स्टोमावर आयुष्य काढता येते, याचा हा पहिला ठोस पुरावा.

पुढची मोठी पायरी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांची. तोवर लहान आतड्याचे टोक त्वचेबरोबर सपाट शिवत किंवा तसेच उघडे सोडत. बाहेरचा पृष्ठभाग मळाच्या संपर्कात येऊन सुजे, तोंड आवळले जाई आणि पाण्यासारखा मळ ओसंडे. ब्रुक यांनी १९५२ मध्ये साधा उपाय सांगितला. आतड्याचे टोक सदऱ्याची बाही दुमडावी तसे उलटे दुमडून शिवावे, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटरची तोटी तयार होते. मळ त्वचेवर न ओघळता सरळ पिशवीत पडतो. आज कुठल्याही चांगल्या इलिओस्टोमीची ही खूण आहे. घाईच्या ऑपरेशनात सुजलेले, आखडलेले आतडे दुमडायला पुरेसे बाहेर येत नाही, आणि मग ही तोटीच राहून जाते. रुग्णाच्या पुढच्या तीन महिन्यांचे सुखदुःख त्या दोन सेंटिमीटरवर ठरते.

पहिले काही दिवस

स्टोमा निरोगी असेल तर लालबुंद, ओलसर दिसतो, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला स्पर्शाची वेदना नसते, चुकून खरवडला तर थोडे रक्त येते. हा रंग पहिले दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहायचा असतो. रंग जांभळा, मग काळा झाला तर रक्तपुरवठा तुटला आहे. पोट फुगलेले, आतड्याला रक्त पुरवणारा पदर सुजून आखूड झालेला आणि रक्तदाब टिकवायला चालू असलेली औषधे, या तिन्ही गोष्टी तातडीच्या शस्त्रक्रियेत एकत्र येतात. काळेपणा किती खोल आहे, हे पाहायला सर्जन वंगण लावलेली काचेची परीक्षानळी हलकेच आत सरकवतो आणि टॉर्चच्या उजेडात बघतो. काळेपणा वरवरचा असेल तर थांबता येते. तो पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली उतरला असेल तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते.

त्वचा आणि आतडे यांच्यामधली शिवण सुटून फट पडणे ही दुसरी अडचण, आणि ताण बसून स्टोमा आत ओढला जाणे ही तिसरी. कुपोषण, मधुमेह आणि जंतुसंसर्ग यांच्या जोडीला घाई आली की या दोन्ही वाढतात. फट बहुधा मलमपट्टीने भरून येते. आत गेलेल्या स्टोमावर मात्र पिशवी नीट बसत नाही. मग पिशवीखालून गळती सुरू होते आणि ती थेट सर्वांत नेहमीच्या दुखण्याकडे नेते, म्हणजे आजूबाजूच्या कातडीकडे.

लहान आतड्यातल्या मळात पाचकरस असतात. मांस पचवणारा रस कातडीला कसा सोडेल? काही तासांत त्वचा लाल होते, मग सोलते, मग ओली राहते. ओल्या कातडीवर पिशवी चिकटत नाही, म्हणून अजून गळती, म्हणून अजून ओल. हे चक्र एकदा फिरू लागले की घरचे लोक सुचेल ते करतात. कुणी डेटॉल लावतो, कुणी स्पिरिट, कुणी खोबरेल तेल. पहिल्या दोन्हींनी आग होते आणि तेलावर चिकटपट्टी टिकत नाही. काही जण पिशवी काढून कापडाच्या घड्या बांधतात आणि त्या भिजून कातडी आणखी कुजते.

यातली बरीच गळती एका साध्या मापाने थांबते. पिशवीच्या चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा सहा ते आठ आठवड्यांत लहान होतो, पण घरी भोक जुन्याच मापाने कापले जाते. उघड्या पडलेल्या कडेची कातडी जळत राहते. दर आठवड्याला माप घ्या, एवढे एक वाक्य कुणी सांगितले असते तर अनेकांचे हाल वाचले असते.

मे महिना आणि मोसंबीचा रस

कातडीची जळजळ त्रास देते, पण जीव घेऊ शकते ती दुसरी गुंतागुंत. स्टोमातून फार पाणी जाणे.

स्थिरावलेल्या इलिओस्टोमीतून दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर मळ येतो. तो दीड-दोन लिटरच्या पुढे गेला की शरीर सुकू लागते. मोठे आतडे वाटेतून बाजूला झालेले असते, त्यामुळे पाणी आणि मीठ शोषून घेणारे कुणी उरत नाही. स्टोमा जेवढा वर, तेवढी गळती जास्त. इलिओस्टोमीनंतर घरी गेलेला रुग्ण पुन्हा दाखल होतो तो बहुतेकदा याच कारणाने, कोरडी जीभ, गोळे आलेल्या पोटऱ्या आणि थकलेली मूत्रपिंडे घेऊन. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात किंवा शेतात घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी मग दोन वाटांनी जाते.

इथे एक चूक प्रेमापोटी होते. तहान लागली की घरचे भरपूर साधे पाणी पाजतात, आणि जालना मोसंबीचे आगर असल्याने मोसंबीच्या रसाचे पेले चालू राहतात. साध्या पाण्यात आणि फळांच्या रसात मीठ जवळपास नसते. असे द्रव लहान आतड्यात आले की आतड्याच्या भिंतीतून मीठ त्यात उतरते आणि मिठामागोमाग पाणी. रस जितका जास्त, पिशवी तितक्या लवकर भरते आणि माणूस तितकाच सुकतो. इलिओस्टोमीच्या एक लिटर मळात शंभर मिलिमोलच्या आसपास सोडियम निघून जाते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरमागे पंचाहत्तर असते. म्हणून अशा रुग्णाला घोटघोट ओआरएस, मीठ घातलेली भाताची पेज, मीठ घातलेले पातळ ताक द्यायचे आणि साध्या पाण्यावर डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा ठेवायची. लोपरामाइडच्या गोळ्या जेवणाआधी घेतल्याने आतड्याची चाल मंदावते, पण त्याही डॉक्टरांना विचारूनच. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाने यासाठी एक घरगुती द्रावण रूढ केले आहे. एक लिटर पाण्यात वीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. किराणा दुकानातल्या पुड्यांनी मूत्रपिंडे वाचतात, पण आधी कुणीतरी हे बसून समजावून सांगायला हवे.

शेत, नाडी आणि पालथी मांडी

काही महिन्यांनी दुसऱ्या प्रकारचे त्रास डोके वर काढतात. मोठ्या आतड्याचे वेटोळे बाहेर काढून केलेल्या स्टोमात आतडे हातभर बाहेर घसरू शकते. ते पाहून घरात घबराट होते. सूज असेल तर सर्जन त्यावर चक्क साखर पसरतात. साखर सुजेतले पाणी ओढून घेते आणि सैल झालेले आतडे हलक्या हाताने आत जाते. कधी उलटे होते. तोंड आवळत जाऊन करंगळीही शिरेनाशी होते.

उशिराच्या त्रासांत सगळ्यांत जास्त आढळतो तो स्टोमाशेजारचा हर्निया. कायमस्वरूपी कोलोस्टोमी असलेल्यांत पहिल्याच वर्षात तीस टक्क्यांहून अधिक जणांना, दोन वर्षांत चाळीस टक्क्यांना आणि त्यानंतर निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांना तो होतो, असा युरोपातील हर्नियातज्ज्ञांचा अंदाज आहे. पोत्याची ओझी उचलणारा हमाल, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, रोलिंग मिलमधला कामगार यांच्या पोटाच्या भिंतीवर रोज ताण पडतो. तीन महिने जड उचलू नका, हा सल्ला पगारी रजा असलेल्याला सोपा असतो. रोजंदारीवाल्याला त्याचा अर्थ चूल बंद असा होतो.

या उशिराच्या त्रासांतला मोठा वाटा स्टोमाच्या जागेवर अवलंबून असतो, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेत नेमकी जागाच आधी ठरवली जात नाही. ठरवून केलेल्या ऑपरेशनात आदल्या दिवशी रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून, वाकवून पोटावर पेनाने खूण करतात. जागा पोटाच्या सरळ स्नायूवर असावी, बेंबी, जुना व्रण, बरगडी आणि कमरेचे हाड यांपासून दूर असावी, आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी. आडव्या झालेल्या, फुगलेल्या पोटावर योग्य वाटलेली जागा माणूस उठून बसला की घडीत जाते.

पाश्चात्त्य पुस्तके पट्ट्याची रेघ टाळा म्हणतात. आपल्याकडे ती रेघ परकराच्या नाडीची, निऱ्या खोचण्याची, धोतराच्या कमरगाठीची असते. तिथले रुग्ण खुर्चीवर बसतात. इथला माणूस जेवायला पालथी मांडी घालतो, खुरपताना उकिडवा बसतो, अनेक घरांत शौचालयही उकिडवे बसण्याचेच असते. तेव्हा खूण करताना रुग्णाला मांडी घालून आणि उकिडवा बसवून पाहिले पाहिजे. तातडीच्या वेळीही दोन मिनिटे मिळतातच. सलाइन चालू असते, रक्त तपासायला गेलेले असते, भूलतज्ज्ञ वाटेवर असतो. रुग्णाला जमेल तेवढे बसते करून डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना खुणा करता येतात. शाईच्या दोन ठिपक्यांना काहीही खर्च नाही.

मग तातडीच्या स्टोमात गुंतागुंतीचे प्रमाण नेमके किती? प्रकाशित अभ्यासांतले आकडे वीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. एवढी तफावत असण्याचे कारण, कुणी फक्त पुन्हा ऑपरेशन लागलेले रुग्ण मोजतो, तर कुणी कातडीची लालीही मोजतो. कुणी महिनाभर पाहतो, कुणी दहा वर्षे. आकडे असे वेगवेगळे असले तरी त्यांतून निघणारी दिशा एकच दिसते. घाई, खुणेचा अभाव, कुपोषण, लठ्ठपणा आणि मधुमेह यांनी धोका वाढतो, आणि अनुभवी हात व प्रशिक्षित परिचारिका यांनी तो घटतो.

दरवाजा बंद कधी होणार?

१३ मे १९८१ रोजी रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जेमेली रुग्णालयात पाच तासांहून अधिक काळ शस्त्रक्रिया चालली. फाटलेल्या आतड्यासाठी कोलोस्टोमी करावी लागली. ती ५ ऑगस्टला, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवसांनी, बंद करण्यात आली. पोट शांत व्हावे, सूज उतरावी, अंगात रक्त-मांस यावे यासाठी साधारण दोन-तीन महिने थांबण्याचा आजचा प्रघातही तसाच आहे.

मात्र तात्पुरता म्हणून काढलेला प्रत्येक स्टोमा बंद होतोच असे नाही. मोठ्या आतड्याच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत आंरी हार्टमान यांच्या नावाची पद्धत फार वापरली जाते. खराब भाग काढायचा, खालचे टोक बंद करायचे, वरचे बाहेर काढायचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या डिव्हर्टी चाचणीत अठरा महिन्यांनंतर हार्टमान पद्धतीच्या ६५ टक्के रुग्णांचाच स्टोमा बंद झालेला होता. लगेच जोड करून वर संरक्षक इलिओस्टोमी केलेल्यांत हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणूनच रुग्ण सावरलेला आणि हात अनुभवी असेल तिथे दुसऱ्या पद्धतीकडे कल वाढतो आहे. पण तो युरोपातल्या आजाराचा, म्हणजे आतड्यातल्या फुग्यांच्या दाहाचा, निष्कर्ष आहे. उशिरा आलेल्या, खंगलेल्या रुग्णावर तो जसाच्या तसा लादता येत नाही.

बंद करण्याचे ऑपरेशनही किरकोळ नव्हे. सहा हजारांहून अधिक रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या २००९ च्या एका आढाव्यात लूप (वेटोळ्याची) इलिओस्टोमी बंद केल्यानंतर १७ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली आणि मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी होते. धोका आहे, पण पेलण्याजोगा. आपल्याकडे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या ऑपरेशनात उसनवारी झालेली असते, पेरणी-कापणीचे दिवस असतात, सोबत यायला कुणी नसते. तीन महिन्यांची पिशवी मग वर्ष-दीड वर्ष राहते.

डिंक, बहीण आणि सिस्टर

पिशवीचा इतिहास रुग्णांनी आणि परिचारिकांनी घडवला आहे. डेन्मार्कमधल्या एलिझ सोरेन्सेन या परिचारिकेची बहीण थोरा हिला स्टोमा झाला. गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेना. एलिझने १९५४ मध्ये चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली आणि आज सर्वत्र वापरली जाणारी पिशवी तिच्यातून जन्मली. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी त्याच दशकात कातडीच्या संरक्षणासाठी कराया डिंक वापरात आणला. हा डिंक भारतातल्या, महाराष्ट्रातल्याही, डोंगरउतारांवर वाढणाऱ्या पांढऱ्याफटक खोडाच्या कांडोळ झाडाचा. आपल्या रानातला डिंक परदेशी रुग्णांच्या कातडीचे रक्षण करत होता. टर्नबुल यांनीच १९५८ मध्ये नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी असलेल्या महिलेला इतर रुग्णांना शिकवण्याच्या कामावर घेतले. स्टोमा परिचारिका या व्यवसायाची ती सुरुवात.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातला स्टोमा विभाग आणि १९७५ पासून काम करणारी ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया यांनी ही परंपरा इथे रुजवली. स्वतः पिशवी असलेला माणूस नव्या रुग्णाच्या खाटेशेजारी बसून बोलतो, याचे मोल कुठल्याही औषधापेक्षा कमी नाही. देवघरात जावे का, नमाज पढता येईल का, नवऱ्याजवळ झोपता येईल का, मूल होईल का, हे प्रश्न राउंडवर आलेल्या डॉक्टरांना कुणी विचारत नाही. पण ही व्यवस्था कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांभोवती वाढली. टायफॉइडचे छिद्र होऊन रात्री ऑपरेशन झालेला जालन्याचा तरुण तिच्या कक्षेत सहसा येत नाही. परळ त्याच्यापासून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे.

खर्चाचे गणितही बिकट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनांमुळे गरीब रुग्णाच्या ऑपरेशनाचा भार हलका होतो. पिशव्या, पेस्ट, पावडर यांचा महिन्याचा खर्च घरावर येतो आणि मजुराच्या घरात तो रेशनशी स्पर्धा करतो. म्हणून एकच पिशवी धुऊन, वाळवून, पट्ट्या लावून आठवडाभर वापरतात. धुवायला पाणीही हवे. जालन्यात नळाला पाणी रोज येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. त्यांत स्टोमा नाही. रेल्वेने मात्र स्टोमा असलेल्यांना मासिक व त्रैमासिक पासात सवलत दिलेली आहे, म्हणजे ही अवस्था वेगळी आहे हे सरकारच्या एका खात्याने तरी मान्य केले आहे.

सर्वांत चांगला उपाय अर्थात पिशवीची वेळच येऊ न देणे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची नवी संयुग्मी लस सार्वजनिक मोहिमेतून मुलांना द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. सरकारी यंत्रणेने अशी मोहीम राबवण्याचे ते जगातले पहिले उदाहरण. लस, शुद्ध पाणी आणि क्षयरोगाचे वेळेवर निदान या तिन्ही गोष्टी म्हणजे आतड्यांची शस्त्रक्रिया टाळण्याचेच उपाय आहेत.

पण जे आज रात्री टेबलावर जाणार आहेत, त्यांचे काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नव्या संस्थेला चांगली सवय पहिल्या दिवसापासून लावता येते. तातडीच्या प्रत्येक पोटावर शाईची खूण, स्टोमाचे प्रशिक्षण घेतलेली एक सिस्टर, आठवड्यातून एक दिवस उघडी राहणारी एक खोली, परवडणाऱ्या पिशव्यांचा साठा, आणि स्टोमा बंद करायच्या तारखेची नोंदवही. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. महाविद्यालयाने, जिल्हा रुग्णालयाने आणि योजनेच्या अधिकाऱ्यांनी हे मनावर घ्यावे.

घरच्यांनीही एवढे करावे. रुग्णाला सुट्टी देताना सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने एकदा पिशवी बदलून दाखवावी आणि मगच घरी न्यावे. पुढच्या तपासणीची आणि स्टोमा बंद करण्याची अंदाजे तारीख कार्डावर लिहून घ्यावी. रोज किती वेळा पिशवी रिकामी केली, हे वहीत टिपावे. स्टोमा जांभळा-काळा पडला, दिवसभरात काहीच बाहेर आले नाही आणि पोट फुगून उलट्या लागल्या, दीड लिटरहून जास्त पाणी गेले, किंवा लघवी कमी होऊन चक्कर येऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.